पाचव्या माळेची गोळी

आईला शुगर निघाली त्या वर्षी मी बारावीत होते. तिला सारखी तहान लागायची. कापूस वेचताना ती हातातली ओळ सोडून बांधावरच्या पाण्याच्या कॅनकडे यायची आणि कॅनचं झाकण तोंडाला लावून दोन-तीनदा प्यायची. पायाच्या अंगठ्याला पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या झाडाचा, खुंट लागला होता, ती जखम दोन महिने भरली नाही. गावात तपासणीला आलेल्या आरोग्य केंद्रातल्या बाईंनी तिचं बोट टोचलं, आकडा पाहिला आणि दुसरं बोट टोचलं. दुसऱ्यांदाही आकडा तसाच आला.

तालुक्याच्या डॉक्टरांनी आधी पांढरी गोळी दिली, मेटफॉर्मिन. ती वर्षभर चालली. साखर थोडी खाली आली, पण पुरेशी नाही. मग त्यांनी दुसरी गोळी वाढवली. हिरवी, लांबट, मधोमध चीर असलेली. तिचं नाव ग्लिमेपिराइड. हे नाव मला पाठ आहे. त्याचं स्पेलिंगही पाठ आहे.

आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. दादा, म्हणजे माझे वडील, सातवीपर्यंत शिकले. आई शाळेत गेली नाही. दादांच्या मोठ्या भावाची बायको, जिला मी मोठी आई म्हणते, तिला सही येते. घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं, म्हणून पाकिटावरचं वाचणं आणि डॉक्टरांचं बोलणं समजून घेणं ही कामं कुणी न सांगता माझ्याकडे आली. डॉक्टरही माझ्याकडेच बघून बोलत होते. आई शेजारी बसली होती आणि तिच्या आजाराबद्दल आम्ही दोघं बोलत होतो.

"ही सकाळी, न्याहारीच्या आधी," डॉक्टर म्हणाले. "गोळी चुकवायची नाही. जेवणही चुकवायचं नाही."

मी वहीत लिहिलं: हिरवी, सकाळी, एक, चुकवायची नाही.

दुसरं वाक्य मी लिहिलं नाही. का लिहिलं नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. ऐकू आलं होतं. बहुतेक असं असेल की जेवण चुकणं ही आमच्या घरात होणारी गोष्ट मला वाटली नाही. चुलीवर भाकरी रोज होतातच. आई सगळ्यांच्या शेवटी जेवते आणि कधी दुपारचे तीन वाजतात, हे मला माहीत होतं. पण त्याला मी जेवण चुकवणं म्हणत नव्हते.

घरी आल्यावर मी एक कागद तयार केला. आईला वाचता येत नाही म्हणून त्यावर चित्रं काढली आणि प्रत्येक चित्रावर लाल पेनानं फुली मारली. साखर, गूळ, बटाटा, केळं, भात, साबुदाणा. मोसंबीवरही फुली मारली. आमची दोन एकर मोसंबी आहे. त्या दिवसांत घरात मोसंबीच्या पाट्या भरलेल्या असायच्या आणि त्यातली एकही फोड आई तोंडात घालायची नाही. कागद स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवला होता. आल्यागेल्याला ती तो दाखवायची.

"मह्या पोरीनं काढलंय हे. एवढं एवढं खायचं न्हाई."

"मंग खाती काय तू?" बाया विचारायच्या.

"भाकर हाय की. भाजी हाय."

हिरव्या गोळीनं काम केलं, हे मला इथं लिहिलं पाहिजे. तीन महिन्यांनी रक्त तपासलं तेव्हा सरासरी साखर इतकी उतरली होती की डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला आणि "छान" म्हणाले. तहान गेली. अंगठ्याची जखम भरली, तिथं आता फक्त काळा डाग आहे. आई मोसंबीची पाटी डोक्यावर घेऊन बांध चढायला लागली. "हिरवी लई गुणाची हाय," असं ती म्हणायची. मलाही तसंच वाटायचं. गोळी गुणाची होती आणि ती देणारी मी होते.

नंतर मी बीएस्सीला जालन्याला आले, होस्टेलवर. रोज सकाळी पहिल्या तासाच्या आधी मी तिला फोन करायचे.

"घेतली का?"

"घेतली."

बहुतेक दिवशी आमचं एवढंच बोलणं व्हायचं. बाकी काय बोलायचं हे तिलाही सुचायचं नाही आणि मलाही. कॉलेजातलं तिला काय सांगणार, आणि गावातलं मला सगळं माहीतच होतं.

दुसऱ्या वर्षाच्या नवरात्रात, घट बसले त्या दिवशी, तिनंच फोन केला. मी प्रॅक्टिकलला उभी होते. सर हजेरी घेत होते आणि माझा नंबर जवळ आला होता.

"घट बसले," आई म्हणाली. "नऊ दिवसांचा उपास धरलाय म्या. गोळी घिऊ का ऱ्हाऊ दिऊ?"

"घे की. गोळीनं कुठं उपास मोडतो?"

"न्हाई, तसं मोडत न्हाई. पाण्यासंगं तर असती."

"मंग बिलकुल चुकवू नको."

"बरं," ती म्हणाली. मी हजेरी दिली.

त्याच महिन्यात मी स्वादुपिंडावर दहा गुणांचा प्रश्न लिहिला होता. इन्सुलिन कुठून निघतं, कशामुळे निघतं, साखर फार खाली गेली तर शरीर काय करतं. मला दहापैकी आठ मिळाले होते. उत्तरात मी लिहिलं होतं: घाम, थरथर, धडधड, गोंधळलेलं बोलणं, शुद्ध हरपणं.

आमच्या घरी नवरात्राचा उपास संध्याकाळच्या आरतीनंतर सुटतो. तोवर बाया साबुदाण्याची खिचडी खातात, उकडलेला बटाटा खातात, केळं खातात, गोड चहा पितात. आईसाठी या सगळ्यावर मी फुली मारून ठेवली होती. तिनं माझा एकही शब्द मोडला नाही. सकाळी हिरवी गोळी, बिनसाखरेचा चहा, मग दिवसभर मोसंबीच्या बागेत तोडणी. आरती झाल्यावर वाटीभर भगर आणि शेंगदाण्याची आमटी. चार दिवस तिनं असे काढले. मी रोज विचारत होते आणि ती रोज "घेतली" म्हणत होती.

पाचव्या माळेला शनिवार होता. मी घरी निघाले. जालन्याहून एसटीनं तीर्थपुरी आणि तिथून गावच्या जीपनं. गावात उतरले तेव्हा चार वाजत आले होते. पाराजवळ आमच्या गल्लीतली एक बाई परडी घेऊन घाईनं चालली होती. मला पाहून ती थांबली.

"आत्ता आलीस का? जल्दी चल पोरी. तुह्या मायच्या अंगात देवी आल्ती, आजून हाय. समदं गाव तिथं जाऊन राह्यलं."

दारात चपलांचा ढीग होता. आत देवघरासमोर वीस-पंचवीस बाया दाटीनं बसल्या होत्या. मधे आई. तिचे केस सुटले होते. कपाळावरचं कुंकू घामानं नाकावर उतरलं होतं. ती पुढं-मागं डुलत होती आणि ओठ हलत होते, पण शब्द अर्धे येत होते. डोळे उघडे होते. मी दारात आले तरी ते माझ्यावर थांबले नाहीत. मोठी आई तिच्यावरून निंबाचा डहाळा फिरवत होती. घराचा घट वीस वर्षं मोठी आईच बसवते. तिच्या अंगात कधी देवी आलेली नाही.

"इचारा, इचारा जल्दी," कुणीतरी म्हणालं.

शेजारची एक बाई गुडघ्यावर पुढं सरकली. "माय, मह्या सुनंची कूस कव्हा उजवंल?"

आईचे ओठ हलले. "पाणी..."

"काय म्हणली?"

"पाणी म्हणली."

"म्हणजी विहिरीवर दिवा लाव म्हणती."

"मायवं! मव्हा नवरा तर बोअरच मारून बसलाय. विहीर कुठून आणू आता?"

दोघी-तिघी हसल्या. मोठ्या आईनं डोळे वटारले तशा गप्प झाल्या.

मी चपला काढल्या आणि पुढं गेले. मी हात जोडले. हे लिहिताना मला काही वेगळं वाटायला हवं, पण मी फक्त जे झालं ते सांगू शकते. मी बायांच्या मधून वाट काढत गेले, वाकले, आणि इतर बायांसारखं आईच्या पायावर डोकं ठेवलं. पाय गार होता. माठाला हात लावल्यासारखा गार आणि ओला. मला आधी कळलं ते एवढंच, की तापलेल्या दुपारी माणसाचा पाय इतका गार नसतो.

मी म्हणाले, "मोठी आई, हिची साखर उतरलीय."

"हात लावू नको! बसमधून आलीस, पाय धुतले का?"

"न्हाई, पण..."

"आधी पाय धुऊन यी. देवी हाय ती आता, माय न्हाई तुही."

मी गेले आणि पाय धुऊन आले. न्हाणीत रांजण होता, तांब्या खाली पडला होता, तो मी शोधला. दोन्ही पाय धुतले, टाचाही धुतल्या. दोन मिनिटं गेली असतील, किंवा तीन. कुणी मला अडवून ठेवलं नव्हतं. मोठी आई मला हात धरून बाहेर काढत नव्हती. तिनं सांगितलं आणि मी गेले.

येताना मी स्वयंपाकघरात वळले. दारावरचा माझा कागद समोरच होता. मी पाटीतल्या मोसंब्या कापल्या, तांब्यात पिळल्या आणि डब्यातली साखर मूठभर टाकून बोटानंच ढवळली. आईजवळ बसले आणि तांब्या तिच्या ओठाला लावला.

तिनं दात आवळले. तोंड बाजूला फिरवलं. मी परत लावला. रस तिच्या हनुवटीवरून खाली गेला. जिभेला गोड लागलं असेल, कारण तिनं अर्धवट शब्दांत म्हटलं, "साखर न्हाई... पोरगी वरडती."

"आई, मीच हाय. मीच देऊन राह्यले. पी."

तिला ते कळलं की नाही, मला माहीत नाही. पण ती प्यायली. एक घोट, थांबून दुसरा. मी तिची मान धरून बसले. पंधरा-वीस मिनिटांनी तिनं मला पाहिलं आणि म्हणाली, "तू कव्हा आलीस? च्या घेतलास का?"

"देवी शांत झाली," बाया म्हणाल्या. "मोसंबीचा रस मागितला बघा देवीनं." जाताना सगळ्यांनी एकेक करून तिच्या पायाला हात लावला. ती भिंतीला टेकून बसली होती आणि कुणाला अडवत नव्हती.

दादा बागेतून आले तोवर सहा वाजत आले होते. आईला पुन्हा घाम सुटायला लागला होता आणि ती माझ्याऐवजी भिंतीकडे बघून बोलत होती. मी आणखी रस दिला आणि दादांना म्हणाले, जीप बघा. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. शेजारच्यांची जीप आणली आणि आम्ही तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं बोट टोचलं. एक्केचाळीस. सत्तरच्या खाली धोका असतो, आणि हे दोनदा रस पिऊन एक्केचाळीस.

सलाईन लावल्यावर तिथल्या डॉक्टर बाईंनी विचारलं, "सकाळपासून काय खाल्लं होतं?"

"उपास व्हता," दादा म्हणाले.

"आणि शुगरची गोळी?"

"घेतली."

"उपाशीपोटी? कुणी सांगितलं घ्यायला?"

दादांनी डोकं खाजवलं. "चुकून घेतली असंल डॉक्टरीणबाई. अडाणी हाय ती. तिला काय कळतंय."

मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. आईच्या हाताला चिकटपट्टी लावली होती, तिचं एक टोक उठलं होतं, ते मी दाबत होते. मी काही बोलले नाही.

डॉक्टर बाई रागावल्या नाहीत. त्यांनी सावकाश सांगितलं. ही गोळी स्वादुपिंडाला सांगते की इन्सुलिन सोड. पोटात अन्न आहे की नाही, ते ती विचारत नाही. अन्न असलं तर साखर नेमकी हवी तेवढी उतरते. अन्न नसलं तरी ती उतरवतच राहते. आणि असर दिवसभर टिकतो, म्हणून गोड दिलं की माणूस उठून बसतो आणि तासाभरानं परत खाली जातो. "लोक तिथंच फसतात. बरं वाटलं म्हणून घरी ठेवतात. तुम्ही आणलंत ते चांगलं केलं. उद्या संध्याकाळपर्यंत मी यांना सोडणार नाही."

"मंग ही गोळीच खराब हाय म्हणा," दादा म्हणाले.

"खराब नाही काका. जुनी गोळी आहे, साखर बराबर उतरवते, सगळ्यांना परवडते. यांचीच साखर बघा किती आटोक्यात आली होती. फक्त ती जेवणाला बांधलेली आहे. जेवण नाही तर गोळी नाही. असं सहसा न करणाऱ्या दुसऱ्या गोळ्याही आहेत, त्यांचं बरंवाईट वेगळं, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. तोवर ही अर्धी करा. आणि किडनीची तपासणी करून घ्या. किडनी कमजोर असली तर हिचा असर आणखी लांबतो." मग माझ्याकडे वळल्या. "तू शिकतेस ना? तू लक्षात ठेव. उपास असला की ही गोळी द्यायची नाही. आईला समजावून सांग."

मी मान हलवली.

आईला मी समजावून सांगितलं नाही. दादांना वाटलं मी सांगितलं असेल. गोळी अर्धी करायची एवढं मी तिला सांगितलं, चिरेवर कशी मोडायची ते दाखवलं. उपासाचं सांगायचं तर ती विचारणार होती, मंग तू त्या दिवशी फोनवर घे कामून म्हणलीस. तिनं विचारलं नसतं, असंही असेल. मला ते बघायचं नव्हतं.

ती दवाखान्यातून घरी आली तेव्हा दारात बायांनी तिच्या पायावर पाणी घातलं. तिला त्या दुपारचं काहीच आठवत नव्हतं, बायांनी सांगितलं तेवढंच तिला कळलं. आठव्या माळेला मोठ्या आईनं घटासमोरचा पाट तिच्यासाठी सरकवला आणि म्हणाली, "तुम्ही बसा." मी तिथं होते. लग्न होऊन आल्यापासून आई मोठ्या आईचं "ए" ऐकत आली आहे. ती आधी पाटाकडे बघत राहिली, मग बसली. पदर नीट केला. तेवढी ताठ बसलेली मी तिला पाहिली नव्हती.

मी जालन्याला परत गेले. कॉलेज, मेस, प्रॅक्टिकल. रोजचा फोन मी करत होते.

"घेतली का?"

"घेतली. आर्धी."

माझ्या रूममधल्या मुलीनं एकदा विचारलं की तुझं काही बिनसलंय का. मी नाही म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. मला काही होत नव्हतं. भूक लागायची, झोप यायची. फक्त पाय धुताना मी बराच वेळ नळाखाली उभी राहायचे, आणि मागच्या मुली ओरडल्या की बाजूला व्हायचे.

दिवाळीच्या आधी, एका सोमवारी, आई फोनवर थोडी जास्त बोलली.

"मंगळवार धरलेत म्या आता. बाया येत्यात. लांबून येत्यात, परवा दोघी जाफराबादकडून आल्त्या."

"उपास धरतीस?"

"मंग, खाऊन कसं बसावं देवीपुढं?"

"आन गोळी?"

"घेती की बराबर. तू चुकवू नको म्हणलीस ना." मग ती हळू आवाजात म्हणाली, जवळ कुणी असावं तसं, "तुला म्हणून सांगते. आकरा वाजले की मह्ये हात कापायला लागत्यात. घाम फुटतो, छातीत धडधडतं. तव्हा मला कळतं, आता यायची वेळ झाली. मंग मी जाऊन बसते."

तिनं तीच लक्षणं सांगितली होती, त्याच क्रमानं नाही, पण तीच. फक्त ती आता त्यांची वाट बघत होती.

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघाले. तीर्थपुरीत जीप भरायला वेळ लागला. घरी पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. आई चुलीपुढं बसून घरच्यांसाठी भाकरी थापत होती. मी चपला काढल्या. पाय न धुता आत गेले आणि तिच्यासमोर बसले.

"गोळी घेतली का?"

"सात वाजता. तू कशी काय आलीस? सुट्टी हाय का?"

"आई, त्या दिवशी तुझी साखर उतरली होती. उपाशीपोटी ती गोळी घ्यायची नसती. डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं, जेवण चुकवू नका म्हणून. मी लिहून घेतलं न्हाई. फोनवर तू विचारलंस, तव्हा मीच घे म्हणले. दवाखान्यात दादा म्हणाले अडाणी हाय, चुकून घेतली असंल. मी गप्प बसले."

मी हे सगळं एका दमात म्हटलं, पाठ केल्यासारखं. ती भाकरी थापत राहिली. परातीत पीठ टाकलं, भाकरी फिरवली.

"साखर उतरली व्हती, ते मला ठाव हाय. डॉक्टरीण म्हणत व्हती." तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "पर साखर उतरल्यावर देवी येत न्हाई, असं तुह्या पुस्तकात हाय का?"

"न्हाई. तसं न्हाई लिहिलेलं."

"मंग?"

"मंग एवढंच, की आज तुला तसं झालं आन मी जालन्यात असले, तर तू मरशील."

"मायला असं बोलत्यात का?"

"त्या दिवशी मोठी आई म्हणली पाय धुऊन यी, आन मी धुऊन आले. तू तशी बसलेली असताना. मी टाचा घासत व्हते, आई."

ती माझ्याकडे बघायला लागली. तव्यावरची भाकरी एका बाजूनं करपायला लागली होती. ती तिनं उलटली नाही, मीच हातानं उलटली.

"एवढे वर्स झाले मला या घरात येऊन," ती म्हणाली. "कुणी मला बस म्हणलं नव्हतं."

बाहेर ओसरीवर दोन-तीन बाया येऊन बसल्या होत्या, त्यांच्या बांगड्या वाजत होत्या. आईनं आपले हात समोर धरून पाहिले. पीठ लागलेलं होतं, त्यामुळे ते कापत होते की नाही, मला दिसलं नाही. तिला कळलं असेल.

तिनं टोपल्यातली भाकरी घेतली, त्यावर पिठलं वाढून घेतलं आणि दाराकडे पाठ करून जेवायला बसली. आधी सावकाश, मग भराभर. एक भाकरी खाल्ली, वर अर्धी खाल्ली. मला म्हणाली, "भाईर काही बोलू नको." मग चूळ भरली, तोंड पुसलं, कुंकू लावलं आणि जाऊन पाटावर बसली.

त्या दिवशी आठ बाया होत्या. मोठ्या आईनं आरती म्हटली, डहाळा फिरवला. आई डोळे मिटून बसली. अकरा वाजले, बारा वाजले. तिचा चेहरा कोरडा होता. एक बाई पेंगायला लागली. शेवटी आईनं डोळे उघडले, सगळ्यांच्या हातावर कुंकू ठेवलं आणि म्हणाली, "आज न्हाई. घरी जा."

मोठी आई माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं. मग तिनं डहाळा खाली ठेवला.

पुढच्या मंगळवारी पाच बाया आल्या. आई तशीच आत जेवून, चूळ भरून, येऊन बसली. देवी आली नाही. त्यानंतरच्या मंगळवारी दिवाळीची सुट्टी चालू होती आणि मी घरीच होते. अकरा वाजेपर्यंत कुणी आलं नाही. मोठी आई कापूस वेचायला शेतात गेली होती. मग खालच्या गल्लीतली एक म्हातारी काठी टेकत आली आणि पायरीवरच बसली.

"काय वं बाई, देवी यिना का आता तुह्याकडं?"

"न्हाई येत काकू. मी जेवून बसत असते."

"जेवून? मंगळवारी?"

"शुगर हाय मला. उपाशी ऱ्हायलं की चक्कर येती."

"शुगर तर मलाबी हाय म्हणत्यात," म्हातारी म्हणाली. "सरकारी दवाखान्यातून आणून देतो पोरगा गोळ्या. मला ठाव न्हाई कशाच्या. देवीचं दर्शन घ्यावं म्हणून आले तर इथं देवीच न्हाई."

आई थोडी पुढं सरकली. "कोणती गोळी? दावा बरं."

म्हातारीनं पदराची गाठ सोडली. आत गोळ्यांच्या पाकिटाचा कापलेला तुकडा होता, त्यात दोन गोळ्या उरलेल्या. आईनं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि माझ्याकडे दिला.

"वाच."

मी वाचलं. मागची अक्षरं अर्धी कापली गेली होती, पण जेवढी उरली होती तेवढी पुरेशी होती. "तीच हाय," मी म्हणाले.

"सकाळी घेतली का काकू?"

"घेतली की. पोरगा बिलकुल सोडत न्हाई."

"आन खाल्लं काय?"

"च्या घेतला. मंगळवार हाय ना आज."

आईनं म्हातारीचा हात धरून पाहिला, तळव्याकडून, मग मनगटाकडून. मग ती पाटावरून उठली आणि भाकर आणायला आत गेली. भांड्यांचा आवाज यायला लागला.

म्हातारी तिच्या पाठीकडे बघत राहिली. "हिला काय झालं अचानक?" तिनं मला विचारलं.

मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. गोळ्यांचा तुकडा माझ्या हातातच होता. मी तिला पहिल्यापासून सांगायला लागले.